बुजगावण्याने वाटलेलं काम

माणसं पेरायला यायची बंद झाली, त्या जुन्या काळची ही गोष्ट. रान ओसाड पडलं, दाणा मिळेना, पाखरं डोंगरापलीकडे निघाली. तेव्हा रानातलं बुजगावणं बोललं, "मला पुढारी करा. प्रत्येकाला काम देतो, रान पुन्हा उभं करतो." पाखरांनी माना डोलावल्या.

बुजगावण्याला काम येत होतं एकच. तेच त्याने सगळ्यांना वाटलं. ज्याला त्याला एक काठी, एक सदरा. काठीवर पंख पसरून उभं राहायचं, हलायचं नाही.

साळुंकीचा नवराही सदरा घालून उभा राहिला. ती म्हणाली, "अहो, रानात कोंब नाही. राखताय काय, ढेकळं?"

"गप गं. घरट्यात तीन पिलं आहेत. पीक आलं की पहिला दाणा राखणदाराला, असं पुढारी बोललेत."

"आणि पेरणार कोण? तुमच्या पुढाऱ्याला जागचं हलता तरी येतं का?"

तो हसला नाही. हललाही नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती त्याच्यासाठी चोचीत पाणी घेऊन आली. हाका मारल्या. तिने सदरा ओढला. आतून कोरडं गवत निघालं. शेजारच्या कावळ्याचा ओढला, तिथेही गवतच.

मागे बुजगावण्याची मान करकरत वळली. "बाई, आता रानात कुणी रिकामं नाही. तुमचं घरटं तेवढं राहिलंय."

वारा अजिबात नव्हता. तरी समोरच्या तीन नव्या काठ्यांवर तीन इवलेसे सदरे हलत होते.