निम्म्या गावाचे हात

“आक्का, नावगाव न विचारता शाळा चालते का कुठं?” नगराध्यक्ष विश्रामराव भर सभेत कडाडले.

“माझी चालते की,” इठाक्का म्हणाली.

दुकानांच्या पाट्या बघत स्वतःच अक्षरं शिकलेल्या या म्हातारीनं मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवणारी वेबसाइट काढली होती. कुणीही मोबाइलवर उघडावी, आक्काच्या आवाजाबरोबर बोटानं अक्षर गिरवावं आणि बंद करावी. नाव नाही, नंबर नाही. कोण येऊन गेलं, याची नोंदच ती ठेवत नसे. वेबसाइट चालायची मात्र नगरपालिकेच्या सर्व्हरवर.

“निम्म्या गावाला वाचता येत नाही, मला पक्कं ठाऊक आहे!” विश्रामरावांनी टेबलावर हात आपटला. “मला त्यांची नावं हवीत, नंबर हवेत. सत्कार करीन, फोटो छापीन. चांगल्या कामात लाजायचं काय? उद्यापासून नाव विचारा, नाहीतर वेबसाइट बंद!”

आक्का सावकाश उठली. “विचारते की. पण सगळं गाव जमलंच आहे, तर आज तुम्हीच विचारून बघा. वाचता येत नसेल त्यानं हात वर करावा म्हणावं.”

विश्रामरावांनी माइक ओढला आणि ऐटीत विचारलं. कुणी पदर सारखा केला, कुणी पंख्याकडे बघत बसलं. हात एकही वर आला नाही. त्यांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. मागं कुणीतरी नुसतं खोकलं.

आक्का गालात हसली.

“बघून घ्या साहेब, नाव विचारायला लागले, की उद्यापासून माझी शाळा एवढीच भरेल.”