मारुतीच्या तोंडची विलायती मालिका

कृष्णाकाठच्या एका गावात कुमुदिनी टिपणीस नावाच्या एक टेलिफोन ऑपरेटर राहत. नोकरीतून त्या निवृत्त झाल्या, पण एका विलायती मालिकेतून काही केल्या निवृत्त होईनात. चाळीसहून अधिक वर्षं चाललेली ती मालिका. तिचा नायक ग्रह-तारे पालथे घालायचा. नायक तोच, पण त्याचं काम करणारा नट दर तीन-चार वर्षांनी बदलायचा.

असं वेड एकटीनं भोगण्यात काय मजा? दर शनिवारी संध्याकाळी बाई वाचनालयात एक भाग लावत आणि पडद्याशेजारी स्टुलावर बसून तो लोकांना मराठीत सांगत. त्यांच्या तोंडून ऐकताना परग्रहावरचा राक्षससुद्धा शेजारच्या आळीतला वाटे. नवा नट आला की लोक नाकं मुरडत. बाई म्हणत, "तीन शनिवार थांबा, मग बोला." चौथ्या शनिवारी तेच लोक त्याच्यावर जीव टाकत.

पुढे बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा महिने बोलायला बंदी केली. शनिवार बुडू नये म्हणून पिठाच्या गिरणीचा मारुती ढमाले स्टुलावर बसला. वीस वर्षं बाईंचं ऐकता ऐकता गडी इंग्रजी शिकला होता. पण त्याला गिरणीच्या घरघरीवर ओरडायची सवय. नायक कुजबुजला तरी मारुती गरजायचा. नव्या नटाला सांभाळून घेणारे लोक मारुतीला मात्र सांभाळून घेईनात.

बाईंचा आवाज परत आल्याचं कळताच चार जण घरी आले. म्हणाले, "बाई, आता त्याला उठवा. तुमच्यावाचून मजा नाही."

बाई सुखावल्या, खोटं का बोला? स्टुलाविना त्यांना शनिवार खायला उठत होता. शनिवारची संध्याकाळ होताच इस्त्रीचं पातळ नेसून त्या तडक निघाल्या.

वाचनालयाच्या दारात मात्र त्या थबकल्या. भाग जुनाच होता, दहा-बारा वेळा पाहिलेला. नायक आपला ग्रह कायमचा सोडून निघाला होता. मारुती सांगत होता, "घर सोडून चाललाय गडी. मागं वळून बघत न्हाई. बघितलं तर पाय निघायचा न्हाई."

हे बाईंना इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. आधी त्यांच्या पोटात दुखलं. मग डोळे भरून आले.

त्यांना पाहताच मारुती उठला. "या बाई, बसा. तुमचीच जागा हाय."

सगळी खोली त्यांच्याकडे पाहू लागली. बाई पुढे आल्या आणि स्टुलासमोरच्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

"थांबलास का, मारुती?" त्या म्हणाल्या. "पुढे सांग. मला कुठे इंग्रजी येतं?"

तात्पर्य: आवडत्या गोष्टीवर खरा जीव असेल, तर ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यातही सुख वाटलं पाहिजे.