चिखलातून विचारणारी देवकू

बांधाचं काम चालू असताना मुकादमानं चिखलात पाय टाकायचा नाही. का, ते विचारायचं नाही. आमच्या खारशेत गावात मूल चालायला लागलं की त्याला हे शिकवतात. मी मात्र विचारत राहिले. हाती लागलं ते सांगते.

आमच्या पणज्यांचे पणजे जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. खाडी तेव्हाही अशीच होती, काळी आणि चिकट. तिला अडवायला मातीचा बांध होता. बांध फुटून खांड पडली की खारं पाणी भातशेतात शिरायचं आणि मग कित्येक वर्षं तिथे गवतही उगवायचं नाही. म्हणून सगळं गाव चिखलात उतरून बांध भरायचं आणि मुकादम वर काठी घेऊन उभा राहायचा. जो थांबला त्याच्या पाठीत काठी. गंग्या नावाच्या गड्याला एकदा कळलं, की पायाखालून पाणी ओढतंय. काठीच्या भीतीनं तो बोलला नाही. चिखलानं त्याला गिळलं. त्याची टोपली तेवढी वर राहिली.

त्यानंतर जुन्या मुकादमानं काठी टाकली आणि दुसरं कुणी मुकादम व्हायला धजेना. तेव्हा गंग्याची बायको देवकू पुढे आली. तिनं काठी खाडीत फेकली आणि ती स्वतः ओळीत उतरली. ती ओरडायची नाही. एकेकाजवळ जाऊन विचारायची, "पाय काय म्हणतायत?" आणि उत्तर आल्याशिवाय हलायची नाही.

"ही मुकादम की सुईण?" बांधावरचे म्हातारे हसायचे.

पण असं म्हणतात, की कुणाच्या टाचेत शिंपला घुसला तर रक्त देवकूच्या टाचेतून यायचं. कुणी दुखणं लपवलं तर ती लंगडायला लागायची. मग लपवणार कसं? लोक खरं बोलायला लागले आणि बांध कधी नव्हे इतका पक्का झाला.

एका अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. देवकूनं विचारलं तेव्हा लखू म्हणाला, "माय, खालून पाणी ओढतंय." तिनं सगळ्यांना बाहेर पळवलं. लखू मात्र मांडीपर्यंत रुतला होता. तिनं खांदा लावून त्याला वर ढकललं आणि ती स्वतः खाली गेली. कमरेपर्यंत. गळ्यापर्यंत. एक हात बराच वेळ वर होता. अगदी जवळ, बांधावर, म्हातारे उभे होते. ते ओरडत होते. गडी धावत परत येईपर्यंत पाणी आलं.

ओहोटीला पाहिलं तर खांड भरलेली होती. कुणी भरली, ठाऊक नाही. त्या जागेचा चिखल माणसाच्या अंगासारखा उबदार असतो, आजही. तिथे पाय रोवला की तळव्यातून आवाज वर चढतो, असं म्हणतात. "पाय काय म्हणतायत?" जो खोटं सांगतो त्याचा पाय दिवसभर बधिर राहतो. मग म्हाताऱ्यांनी ठरवलं, उत्तर द्यायचंच नाही. आणि देवकू चिखलात उतरली म्हणून गेली, तर मुकादमाला कोरडा ठेवायचा.

दर पौषात काम सुरू होण्याआधी तिच्या नावानं खाडीला नारळ देतात. मुकादमाचे पाय नव्या पंच्यानं पुसतात, त्याला बांधावर पाटावर बसवतात. तिथून त्यानं ओरडायचं. याला आम्ही देवकूचा मान म्हणतो.

मुकादमकी आमच्या घराण्यात. यंदा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून पाटावर मी. बांधावरच्या म्हाताऱ्यांतल्या धर्माकाकांनी माझे पाय पुसले. खाली सगळी ओळ ओठ घट्ट मिटून उभी होती. टोकाला सखू एक पाय सारखा उचलत होती आणि मान खाली घालून गप्प होती.

मी उठले. सलवार वर खोचली.

"कुठे निघालीस? बस खाली!" धर्माकाका गरजले. "चार बुकं शिकलीस म्हणून खाडी ओळखीची झाली काय? देवकूसारखी जाशील!"

"नाही बसणार, काका. ती चिखलात उतरली म्हणून गेली नाही. तिचा हात वर होता, आणि तुमच्यासारखे शहाणे कोरड्या पायांनी नुसते ओरडत होते, म्हणून गेली."

मी चिखलात पाय टाकला. सखूजवळ जाऊन विचारलं, "पाय काय म्हणतायत?"