“घाबरू नका!” असं ओरडणारा पाटील

नदीकाठच्या एका गावात एक पाटील होता आणि पाटलाला भला मोठा आवाज होता. गावाची रीत अशी, की अडचण आली तर आधी सगळ्यांत वयस्कर माणसाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तो काय बोलतो हे कोणी बघत नसे, वय तेवढं बघत; आणि गावात सगळ्यांत वयस्कर होता पाटीलच.

एकदा गावातलं वऱ्हाड नावेतून पलीकडे निघालं. नाव वीस वर्षांची नावाडीण वल्हवत होती. ऐन मध्यात एक फळी सैल झाली आणि पाणी झिरपू लागलं. असं महिन्यातून दोनदा व्हायचं. ती चिंधी शोधू लागली.

तेवढ्यात पाटलाने पाणी पाहिलं.

“घाबरू नका!” तो किंचाळला. “खाली बसा! काही झालेलं नाही!”

तोवर कोणालाच काही माहीत नव्हतं. आता सगळे ताडकन उभे राहिले. वरमाय देवाचा धावा करू लागली. नवरदेव आईला बिलगला. नाव एका अंगाला कलली.

“अहो, गप्प बसा ना!” नावाडीण संतापून ओरडली. नाव आणखी कलली. पाणी काठाशी आलं.

तिच्या लक्षात आलं, आपणही तेच करतोय. पाटलाला सुनवायचं होतं पुष्कळ. पण वीस माणसं बुडाली असती. तिने राग गिळला आणि पंगतीत भात वाढताना बोलावं तशी बोलली,

“बसा हं मंडळी, खाली बसा. काही झालेलं नाही. वरमाय, लाडवांचं पातेलं रिकामं करता का? पाणी उपसायला हवंय. आणि पाटीलकाका, तुमचा फेटा द्या, फट बुजवते.”

“मोठी माणसं बोलत असताना…” पाटलाने सुरुवात केली.

“फेटा,” ती तितक्याच मऊपणे म्हणाली.

एकेक जण बसला. नाव सरळ झाली. लाडू पोटात गेले, पाणी नदीत गेलं, फेटा फटीत गेला.

काठावर उतरल्यावर बोडक्या डोक्याचा पाटील गुरगुरला, “मीही तेच सांगत होतो! शब्दन् शब्द तोच!”

“होय की,” वरमाय म्हणाली. “पण भावजी, तुम्ही सांगत होतात तेव्हा मी निम्मी मेले होते.”

तात्पर्य: माणसं आधी आवाज ऐकतात, शब्द नंतर. दुसऱ्याला “घाबरू नका” सांगण्याआधी आपला आवाज घाबरलेला नाही ना, ते बघावं. वय कितीही असो.