ठमाईची जीभ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटातून रस्ता झाला नव्हता, आणि सावरघळीच्या माणसाला बाजार गाठायचा तर दोन डोंगर ओलांडावे लागत. तेव्हा परसात पिकेल तेच ताटात पडे. प्रत्येक घरामागे मांडव असे. त्यावर दुधी, काकडी, दोडका, पडवळ. वेलावरचं पहिलं धरलेलं फळ कुणी तोडायचं नाही, त्याला चिंधी बांधायची आणि वाळू द्यायचं. तेच पुढच्या सालचं बियाणं.

त्या सावरघळीत ठमाई नावाची बाई होती. तिच्या जिभेसारखी जीभ पुन्हा झाली नाही, असं म्हणतात.

आता दुधी कधीकधी कडू निघतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. चिरताना तुकडा चाखायचा आणि कडू लागला की फेकायचा, एवढं कुणालाही जमतं. पण कधी फळ असतं गोड आणि कडूपणा लपलेला असतो त्याच्या बीत. तो उगवतो पुढच्या साली. लोकांना आजची चव कळे, ठमाईला पुढच्या सालची कळे. मार्गशीर्षात सगळं गाव आपापले वाळलेले दुधी घेऊन तिच्या अंगणात येई. ती प्रत्येक फळातली एक बी दाताखाली धरी, डोळे मिटी आणि म्हणे, "ठेवा." नाहीतर म्हणे, "जाळा." जाळा म्हटलेलं बियाणं तिथल्या तिथे चुलीत जाई. एकदा एका टवाळानं गंमत म्हणून तीच बी फिरून पुढे केली, तर म्हणाली, "ही मघाशी चाखली की रं. माजे दात मोडायला आणलीस व्हय?" सगळं अंगण हसलं. तिच्या हयातीत सावरघळीच्या मांडवावर एकही कडू दुधी लागला नाही, असं म्हणतात. गावानं आपली जीभ तिच्याकडे गहाण टाकली होती म्हणा ना.

ठमाईच्या घरात तिची लेक आवडी आणि आवडीची पोर छबी. जावई वारला तशी लेक माहेरी आलेली. एका पावसाळ्यात आवडी पलीकडच्या वाडीत गेली होती. परत येताना नदीला अचानक पाणी आलं आणि ती वाहून गेली. तिचं लुगडंसुद्धा हाती लागलं नाही.

गाव हळहळलं. नुसतं हळहळून थांबलं नाही, आणि इथेच खरं तर घात झाला. पुन्हा कुणाची लेक अशी जाऊ नये म्हणून धर्मा म्हाताऱ्यानं सुचवलं, की प्रत्येक घरानं कुंपणावर कडू भोपळ्याचा एक वेल चढवावा. रानातला तो भोपळा वाळला की हलका, पोकळ होतो. कमरेला बांधला की माणूस बुडत नाही. लोकांनी आवडीच्या नावानं डोंगरातून वेल आणले आणि मायेनं लावले. चांगुलपणाला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण झालं ते झालं.

ठमाई तो सारा पावसाळा दाराआड बसून होती. बाहेर आली तेव्हा घरोघरच्या कुंपणावर कडू भोपळ्याची पांढरी फुलं होती, पलीकडे मांडवावर दुधीची पांढरी फुलं होती, आणि संध्याकाळी पाकोळ्या ह्या फुलाची धूळ पायांना घेऊन त्या फुलावर जात होत्या.

मार्गशीर्ष आला. गाव अंगणात जमलं. शेजारची गजरा पहिली पुढे झाली. ठमाईनं बी चावली आणि म्हणाली, "जाळा." दुसऱ्या घरचं आलं. "जाळा." तिसऱ्याचं आलं. "जाळा." उन्हं चढेपर्यंत सगळं गाव संपलं, आणि एकाही फळाला तिनं ठेवा म्हटलं नाही.

"समदंच जाळायचं? मग फुडल्या साली खायाचं काय, माती?" कुणीतरी ओरडलं.

धर्मा म्हाताऱ्यानं त्याला गप्प केलं आणि हळूच म्हणाला, "ठमे, पोर गेली तुजी. तोंडालाच कडू आलंय तुज्या. बियाण्याचा काय दोष?"

"तसंच आसंल बाई," गजराही म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

कुणी तिला खोटी म्हटलं नाही. सगळे मायेनंच बोलले. रागानं बोलले असते तर ती भांडली असती. ती उठून घरात गेली आणि गुळाचा खडा जिभेवर ठेवला.

गूळ कडू लागला.

तिनं दुसरा खडा घेतला, तोही कडू. मग तिला कळेना, की कडू ते बियाणं का आपलं तोंड. ती उंबऱ्यात आली आणि खाली बघत म्हणाली, "ठेवा." गावानं बियाणं राखेत घोळवून मडक्यांत भरलं आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेले. मला ठमाईचा राग येत नाही, गावाचाही फारसा येत नाही. मला राग येतो तो त्या गुळाचा.

पुढच्या साली पाऊस असा कोसळला, की डोंगरउतारावरची नाचणी मातीसकट खाली गेली. मांडव मात्र कधी नव्हे इतके लगडले. काकडी, दोडका फुलातच गळाले, पण दुधी इतके की खांब वाकले, असं म्हणतात. पहिला चिरला, कडू. दुसरा चिरला, कडू. सगळ्या गावात गोड दुधी म्हणून उरला नाही. कणग्या रिकाम्या, नदीला पूर, बाजार दोन डोंगरांपलीकडे. ठमाई दारोदार फिरून सांगत होती, "खाऊ नगा, पाया पडते, खाऊ नगा." पण भुकेपुढे कुणाचं चालतं? लोकांनी तो उकडला, पाणी ओतून दिलं, पुन्हा उकडला. कडू तेच औषध, अशी मनाची समजूत घातली. मग घराघरांतून ओकाऱ्यांचे आवाज येऊ लागले. मोठी माणसं कशीबशी तगली, लेकरं नाही तगली.

ठमाई कंद खणायला रानात गेली होती. परत आली तो छबी गजराच्या ओट्यावर वाडगं चाटत बसलेली.

"थुंक! थुंक आधी!" ठमाई किंचाळली.

"ग्वाड हाय गं आजे," छबी म्हणाली. उपाशी पोराला काय गोड लागत नाही? दिवेलागणीला ती आजीच्या मांडीवरच गेली.

गजरा ऊर बडवून घेत होती. तिच्या घरातलंही एक गेलं होतं. ठमाई तिला एवढंच म्हणाली, "माजी जीभ खरी हुती गं. मीच तिला खोटी पाडली."

"तू न्हाई. आमी पाडली," गजरा म्हणाली.

पूर ओसरल्यावर गावानं एकूणएक वेल उपटून जाळले. ठमाईनं एक वाळका कडू भोपळा कमरेला बांधला आणि नदीच्या काठाकाठानं वर, डोंगराकडे निघून गेली. कुठं म्हणून कुणी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार?

त्यानंतरच्या पावसाळ्यात, जिथून आवडी वाहून गेली होती त्या ठिकाणी नदीत एक भोपळा पुरातून आला आणि थांबला. धारेत मोठमोठी झाडं वाहत होती, पण तो जागचा हलेना, असं म्हणतात. गजरानं पाण्यात उतरून तो उचलला. तोंड मेणानं बंद केलेलं होतं. आत दुधीच्या बिया होत्या, कोरड्या ठणठणीत. प्रत्येकीनं एकेक चावून बघितली. गोड लागल्या, आणि वेलावर दुधीही गोडच धरले.

ठमाई आली नाही. कुणी म्हणतं घाटमाथ्यावर कुठल्याशा वाडीत मेली, कुणी म्हणतं बियाणं सोडून देऊन तिनंही पाणी जवळ केलं. बियाणं आलं खरं, पण गावात त्या साली हसणारं कुणी नव्हतं. कित्येक मांडवांखाली खेळायला पोरच राहिलं नव्हतं.

सावरघळीत अजून मार्गशीर्षात सगळ्या घरचं बियाणं एका अंगणात येतं. त्या दिवशी एकट्या कुणाला चाखायला बसवत नाहीत, घरटी एकेकजण चाखतो. पण पहिली बी देतात ती त्या वर्षी जिच्या घरी दुःख झालंय तिला. तिच्या तोंडाला कडू आलंय का, असं कुणी विचारायचं नाही. ती जाळा म्हणाली, की जाळायचं.

अलीकडच्याच एका साली अशा एका बाईनं सगळ्याच फळांना जाळा म्हटलं. तिचा मुलगा गेला होता. बाकीच्यांनी चाखलं तर बियाणं गोड लागलं. तरीही साऱ्या गावानं बियाणं चुलीत घातलं, आणि ती बाई रडायची थांबेपर्यंत सगळे तिच्याजवळ बसून राहिले.