उंबरावरची पाने आणि सुतारपक्ष्याची टकटक

डोंगरउतारावरच्या एका जंगलात अंगभर काटे असलेली एक साळू राहत असे. तिचे बीळ ऐन सुक्या गवतात होते आणि आत नुकती जन्मलेली तीन पिल्ले होती. अशात पलीकडच्या डोंगरावर वणवा लागला. सगळ्यांनी एकाच वेळी येऊन गवत उपटले, माती उकरली, तरच आग अडणार होती. पण मुलांनो, रानात कुणी दिवसा जागे, तर कुणी रात्री. वेळ जुळवायची कशी, इथेच घोडे अडले.

सुतारपक्षी म्हणाला, "मी पोकळ खोड वाजवतो. ऐकू आलं की या." सगळे हसले. वानराची युक्ती मात्र काय देखणी होती. उंबराच्या शेंड्याची एकेक फांदी म्हणजे एकेक वेळ. ज्याला जी वेळ जमेल, त्याने त्या फांदीवर पान खोचायचे. पाने जास्त, ती वेळ पक्की. "मला चढता येत नाही," साळू म्हणाली. "त्यात काय, मला सांग, मी खोचतो," वानर म्हणाला.

साळू संध्याकाळी बिळाबाहेर येई, तोवर वानर शेंड्यावर घोरत असे. दोन दिवस तिने खालून हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी गरम वाऱ्याने सगळी पाने उडवली. "पुन्हा पहिल्यापासून खोचा," वानराने फर्मावले, आणि चांगली शहाणीसुरती जनावरे निघाली की पाने शोधायला. इकडे धूर दोन डोंगरांमधल्या ओढ्यापर्यंत आला. साळूचा जीव थाऱ्यावर राहिना. तीन पिल्ले घेऊन ती एकटी जाणार कुठे?

ती सुतारपक्ष्याकडे धावली. "माझ्या खोडाला हसलात ना सगळे?" तो म्हणाला. "हसणाऱ्यांत मीही होते, दादा. चुकलं माझं," साळू म्हणाली. "पण आता वाजव."

टकटक रानभर घुमली. ससे आले, रानडुकरे आली, झोपमोड झालेले अस्वल कुरकुरत आले. डुकरांनी माती उलथली, सशांनी गवत कुरतडले, साळू नखे रक्ताळेपर्यंत उकरत राहिली. आग बिळापासून हातभर अंतरावर आली आणि मोकळ्या मातीपाशी विझली. वानर सर्वांत शेवटी पोहोचला. त्याच्या मुठीत अजून पाने होती. ती त्याने गुपचूप खाली टाकली आणि धुमसती गवताची मुळे उपटायला बसला.

तात्पर्य : सर्वांना एकत्र आणणारे साधन निवडताना ते किती देखणे आहे हे पाहू नये, ज्याची गरज सर्वांत मोठी, त्याचा हात तिथवर पोहोचतो का, हे आधी पाहावे.