साहेबांची खात्रीची पिशवी

घाटमाथ्यावरच्या एका मोजणी कार्यालयात हसबनीस नावाचे साहेब होते. कधी न चढलेल्या डोंगराबद्दलही त्यांचं मत ठाम असायचं.

एकदा कार्यालयात जमीन मोजायचं नवं, महागडं यंत्र आलं. ते पाठीवर घेऊन कडेकपारी चढायच्या होत्या मोजणीदार कालिंदी भोईटेला. तिने आत जाड फोम आणि कमरेला पट्टा असलेली दणकट सॅक पसंत केली. साहेबांनी मात्र मेव्हण्याच्या दुकानातली चकचकीत पिशवी पुढे सरकवली. तिची शिवण आत्ताच उसवू लागली होती.

"साहेब, यात यंत्र फुटेल आणि ठपका माझ्यावर येईल," कालिंदी म्हणाली.

"मी सांगतो ना! यात काच घालून जिन्यावरून ढकला, ओरखडासुद्धा उठायचा नाही!"

कालिंदीने साहेबांच्या टेबलावरची 'आदर्श अधिकारी' लिहिलेली काचेची ट्रॉफी उचलली, पिशवीत घातली, चेन ओढली आणि ती सरळ जिन्याकडे निघाली.

"अहो बाई, थांबा!" साहेब धावले. त्यांनी पिशवी हिसकावली आणि ट्रॉफी काढून छातीशी कवटाळली.

"मी तर तुमच्याच शब्दावर विश्वास ठेवला, साहेब," कालिंदी नम्रपणे म्हणाली. "ट्रॉफीला छातीशी धरायला तुम्ही आहात. डोंगरावर यंत्राला सॅकशिवाय कोण आहे?"

कार्यालयात खसखस पिकली. साहेबांनी मुकाट्याने दणकट सॅक मंजूर केली.

मेव्हण्याची पिशवी संध्याकाळी ते घरी घेऊन गेले. आत नुसता जेवणाचा डबा होता, तरी खालून हात लावूनच.